परस्पर केलेला तह

प्रियदर्शिनी खुर्चीवरून उठली नाही, आणि तेवढ्यावर माझी आठ वर्षांची मैत्री संपली. मैत्री तुटायला कडाक्याचं भांडण लागतं असं लोकांना वाटतं. मला एक खुर्ची पुरली.

पण हे नीट सांगायचं तर आधी दुसरंच सांगावं लागेल. पुण्याच्या कॉलेजात अकरा वर्षं इतिहास शिकवलेली बाई सिंगापुरात दर गुरुवारी स्कॉटिश नाच का करत होती? तर त्याचं कारण लिफ्ट. नऊ वर्षांपूर्वी सारंगला कंपनीने इकडे पाठवलं, मी राजीनामा दिला आणि नवऱ्याच्या पासवर बुकित तिमाहच्या एका कॉन्डोत येऊन पडले. त्या पासवर राहता येतं, खाता येतं, नोकरीचं मात्र वेगळं लचांड असतं. दोन-चार ठिकाणी अर्ज केले. मध्ययुगीन दख्खनच्या इतिहासाची इथे कुणाला निकड नव्हती. पहिलं वर्ष मी मसाल्याच्या डब्यांना लेबलं चिकटवण्यात काढलं. मग एक दिवस लिफ्टमध्ये कागद लावलेला दिसला: स्कॉटिश नाचाचा वर्ग, चर्चचा हॉल, गुरुवारी सात वाजता, जोडीदाराची गरज नाही, अनुभवाची गरज नाही. कशाचीच गरज नाही म्हणतायत म्हणजे मलाच बोलावतायत, असं म्हणून मी गेले.

प्रियदर्शिनी तिथे भेटली. नागपूरची, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, एका प्रयोगशाळेत संशोधक. नवरा प्रफुल्ल नागपुरात आजारी आईपाशी, आणि ही मुलाला घेऊन सेम्बावांगच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये. त्या नाचात बायका कमी नसतात, पुरुष कमी असतात; म्हणून उंच बाईला पुरुषाच्या रांगेत उभं करतात. मी उंच, ती बुटकी, त्यामुळे आमची जोडी लावली गेली. पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितलं, समोरच्याचे हात फुली मारून धरा आणि जागच्या जागी एक गोल फिरा. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. हात धरले, पाय जुळवले, मागे झुकलो आणि अशी काही फुगडी घातली की पेटीवाल्याने वाजवणं थांबवलं. एक गोल सांगितला होता, आमचे सात-आठ झाले. शेवटी एका ऑस्ट्रेलियन म्हाताऱ्यावर जाऊन आदळलो. बाई म्हणाल्या, हे पुस्तकात नाही. आम्ही दोघी जमिनीवर बसून हसत होतो, आणि मला आठवलं की सिंगापुरात आल्यापासून मी अशी हसलेच नव्हते.

त्या नाचात एक पाऊल आहे, पा द बास्क नावाचं. मी बाईंना विचारलं, नाच स्कॉटलंडचा आणि पावलाचं नाव फ्रेंच कसं? त्या म्हणाल्या, आमची फ्रान्सशी जुनी दोस्ती आहे. एवढं बोलून त्या पुढच्या पावलाकडे वळल्या, पण माझ्या डोक्यात किडा सोडून गेल्या. इतिहासाच्या शिक्षिकेला ‘जुनी’ म्हणून गप्प करता येत नाही. किती जुनी? कुणी केली? कागद कुठाय?

कागद सापडला तो १२९५ सालचा. इंग्लंडच्या राजाने स्कॉटलंडला जेरीस आणलं होतं, फ्रान्सचंही त्याच्याशी वाजलं होतं. म्हणून दोघांनी करार केला: एकावर हल्ला झाला तर दुसऱ्याने मदतीला यायचं, आणि दुसऱ्याला सोडून एकट्याने इंग्लंडशी समेट करायचा नाही. मी हे प्रियदर्शिनीला बसस्टॉपवर सांगितलं तर ती म्हणाली, मला फ्रेंच येतं. लियाँच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं काढली होती तिने. मग काय विचारता. दर शनिवारी ती सेम्बावांगहून यायची, आम्ही लायब्ररीत बसायचो, इंग्रजी मी वाचायची, फ्रेंच ती. फ्रान्सच्या राजाच्या अंगरक्षकांत स्कॉटिश धनुर्धर होते, ते तिने शोधलं. स्कॉटलंडमधल्या घरांत मोठ्या थाळीला जो शब्द आहे तो फ्रेंचांच्या बशीचाच, हेही तिने शोधलं. बोर्दोची दारू एडिंबरोजवळच्या बंदरात उतरायची आणि राजापासून खलाशापर्यंत सगळे तीच प्यायचे, हे मी. एका लढाईत स्कॉट शिपाई फ्रान्ससाठी हजारोंनी कापले गेले, तेही मी. सारंग म्हणायचा, तुमचं दोघींचं बरंय, भाजी महागली त्याचं काही नाही, चौदाव्या शतकात काय चाललंय ते विचारा.

आणि मग मला १३०३ सापडलं. करारानंतर आठच वर्षांनी फ्रान्सच्या राजाने पॅरिसमध्ये इंग्लंडशी तह करून टाकला. परस्पर. स्कॉटलंडचं त्यात नावही नाही. यातली चीड आणणारी गोष्ट अशी की स्कॉटलंडचे सात वकील तेव्हा पॅरिसमध्येच होते. त्यांनी घरी पत्र लिहिलं: घाबरू नका, फ्रान्सच्या राजाने शब्द दिला आहे, तो आपल्यासाठी वेगळं बोलणार आहे, हे एका अर्थी आपल्या भल्याचंच आहे. आणि दुसऱ्या वर्षी स्कॉटलंड शरण गेलं. ते पत्र वाचून मला त्या राजाचा आला नाही एवढा राग त्या सातांचा आला. अरे, तुम्ही तिथे होतात ना? तुमच्या डोळ्यांसमोर झालं ना? तो परिच्छेद मी चार वेळा लिहिला.

हो, लिहिला. कारण गेल्या वर्षी आमच्या नाचाच्या क्लबने आणि इथल्या एका फ्रेंच मंडळाने मिळून एक संध्याकाळ करायचं ठरवलं. नाच, जेवण, स्कॉटलंड आणि फ्रेंच लोकांच्या नात्यावर वीस मिनिटांचं व्याख्यान, आणि सोबत एक छापील पुस्तिका. व्याख्यान आणि पुस्तिका आम्ही दोघींनी तयार करायची. मी तीन महिने घरात दुसरं काही बोलत नव्हते. सोळा पानांची पुस्तिका, तिचं कौतुक ते काय, असं कुणाला वाटेल. पण मुखपृष्ठावर नाव येणार होतं. नऊ वर्षं माझं नाव फक्त सारंगच्या कागदांवर, ‘पत्नी’ या रकान्यासमोर छापून येत होतं. गार्गीच्या शाळेत मी गार्गीची आई. या पुस्तिकेवर मी अनघा असणार होते, आणि इतिहासाची अनघा. मला ते हवं होतं. भूक लागल्यासारखं हवं होतं, यात मला लाज वाटत नाही.

क्लबचे अध्यक्ष मिस्टर इनिस. तेलकंपनीतून निवृत्त, तीस वर्षं सिंगापुरात, बोलणं इतकं मऊ की आपल्याला नकार मिळालाय हे घरी गेल्यावर कळतं. समितीच्या पहिल्या बैठकीत ते म्हणाले, मजकूर अप्रतिम आहे. व्याख्यान ते स्वतः वाचतील आणि फ्रेंच मंडळाच्या सेक्रेटरीबाई वाचतील. एक स्कॉट, एक फ्रेंच. तुम्हा दोघींचे आभार शेवटच्या पानावर मानू.

शेवटच्या पानावर! केटररच्या वर की खाली, ते विचारायचं राहिलं.

बाहेर बसस्टॉपवर येऊन उभ्या राहिलो. प्रियदर्शिनी म्हणाली, “ताई, नाही म्हणून टाकू. दोघींची नावं मुखपृष्ठावर, नाहीतर मजकूर परत.”

“आणि त्यांनी एकीलाच विचारलं तर?”

“एकीने करायचंच नाही नं. दुसरीला सोडून समेट नाही.” मग तिचं तिलाच हसू आलं. “बघा, आपण कलमच लिहून राहिलो.”

मी म्हटलं, “हसू नकोस. पाळायचं आहे.”

“पाळू नं, ताई,” ती म्हणाली. तिची बस आली आणि ती गेली.

दोन आठवड्यांनी दुसरी बैठक झाली. मिस्टर इनिस म्हणाले, तुमची अट मिळाली, आम्ही विचार केला. एक स्कॉट, एक फ्रेंच आणि आपल्या आशियाई सदस्यांपैकी एक, असा छान समतोल होईल. पुस्तिकेवर लेखिका म्हणून एक नाव असेल आणि व्याख्यानही तीच देईल. “प्रियदर्शिनीशी माझं बोलणं झालं आहे,” ते म्हणाले, “तिची तयारी आहे.”

मी प्रियदर्शिनीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती, डोळे भरलेले.

मी बडबडी बाई आहे. पण खरा राग आला की माझे शब्द आटतात. मी फक्त एवढंच म्हणाले, “तसं ठरलं असेल तर माझं इथे काही काम नाही,” आणि उठले. तिला हाक मारली नाही. ठरलेलं असताना हाक कशाला मारायची? मी पर्स खांद्याला लावली, खुर्ची आत सरकवली, बाटलीचं झाकण लावलं. यात जेवढा वेळ जाईल तेवढा जाऊ दिला. ती उठली नाही. मी दारापर्यंत गेले तरी नाही.

घरी पोचले तोवर तिचा मेसेज आलेला होता: ताई, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. मला वाटलं, निर्लज्जपणाचीसुद्धा काही हद्द असते. मी तिचा नंबर ब्लॉक केला. गुरुवारी जाणं बंद केलं. नाचाचे बूट कचऱ्याच्या पिशवीत घातले आणि मग कोण एवढे डॉलर पुन्हा देणार म्हणून बाहेर काढून कपाटावर फेकले.

पुढचे पाच आठवडे मी सारंगचं डोकं खाल्लं. सकाळी चहाला प्रियदर्शिनी, संध्याकाळी जेवताना प्रियदर्शिनी. तिच्या मुलाला ताप आला तेव्हा दोन दिवस आपल्याकडे ठेवून घेतला होता, आठवतंय का? तिची सासू गेली तेव्हा विमानतळावर कोण गेलं होतं? सारंग ऐकून घ्यायचा. मान हलवायचा. एकदा म्हणाला, “जाऊ दे ना. लोक असतातच असे.” मला फार बरं वाटलं. निदान आपला माणूस आपल्या बाजूला आहे, असं वाटलं. त्या रात्री मी त्याच्या आवडीची डाळिंबी उसळ केली.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी जाणार नव्हतेच. पण गार्गीच्या शाळेच्या बॅगपाइप बँडला तिथे वाजवायला बोलावलं होतं. गार्गी पंधरा वर्षांची. बॅगपाइप वाजवते, आणि घरी सराव केला की खालच्या मजल्यावरून तक्रार येते. ती म्हणाली, “मा, यू मस्ट कम वन, लाह. माझा सोलो आहे.” पोरीचा सोलो आहे म्हटल्यावर काय करणार? शनिवारी पाच वाजता आम्ही तिघं हॉलवर पोचलो. दारात पुस्तिका वाटत होते. मुखपृष्ठावर एकच नाव होतं. मी पुस्तिका उघडली नाही, तिनेच वारा घेत बसले.

प्रियदर्शिनी इंडिगो रंगाची साडी नेसली होती. माझ्यासोबतच घेतलेली. आधी मिस्टर इनिस दोन शब्द बोलले, मग सेक्रेटरीबाई, आणि मग ती. ती चांगली बोलली, हेही सांगितलं पाहिजे. धनुर्धर आले, थाळी आली, बोर्दोची पिंपं आली, लोक हसले. मग १३०३ आलं. मला वाटलं होतं ती ते गाळेल. मी असते तर गाळलं असतं. तिने ते सगळं वाचलं, माझा शब्द न् शब्द, ते सात वकील, ते पत्र. आणि वाचता वाचता मान वर करून माझ्याकडे बघून हसली. शेवटी म्हणाली, “हा इतिहास ज्यांनी मला शिकवला त्या समोर बसल्या आहेत. त्यांचं मन किती मोठं आहे ते फक्त मला माहीत आहे.” टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी सारंगनेही टाळ्या वाजवल्या. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या. एवढं नाटक! आधी घ्यायचं आणि वर मोठ्या मनाचं सर्टिफिकेट द्यायचं!

मध्यंतरात सारंग खायच्या टेबलाकडे गेला. प्रियदर्शिनी गर्दीतून सरळ माझ्याकडे आली आणि माझे दोन्ही हात धरले. मी सोडवून घेतले.

“ताई, पाच आठवडे झाले. माझे फोन का नाही घेत?”

“तोंड वर करून विचारतेस?”

ती गोंधळली. “तुम्हाला वाईट वाटणारच, ते समजते मला. पण तुम्ही हो म्हटलं म्हणूनच नं मी...”

“मी? मी कधी हो म्हटलं?”

“भाऊजींनी सांगितलं नं तुम्हाला सगळं?”

“काय सांगितलं?”

तिचा चेहरा उतरला. खरंच उतरला, तेवढं नाटक कुणाला येत नाही. ती मला हाताला धरून बाहेर व्हरांड्यात घेऊन गेली आणि भिंतीला टेकून सांगू लागली. ऑगस्टात तिचं कंत्राट संपत होतं. प्रयोगशाळेने पुढे नाही म्हणून कळवलं होतं. पीआरचा, म्हणजे कायम राहायच्या परवान्याचा अर्ज करायचा तर इथल्या समाजात काय काम केलं याची पत्रं लागतात, आणि मिस्टर इनिस म्हणाले होते की लेखिका म्हणून एकटीचं नाव आणि व्याख्यान असेल तर ते भक्कम पत्र देतील. मुलगा प्रायमरी सिक्सला, म्हणजे सहावीला, वर्षअखेरीस मोठी परीक्षा. आता उचलून नागपूरला न्यायचा तर त्याचं सगळं वर्ष पाण्यात.

“मला काही सुचूनच नव्हतं राहिलं, ताई. दुसऱ्या बैठकीआधीच्या रविवारी तुम्हाला फोन केला. तुमचीच परवानगी मागायला. भाऊजींनी उचलला.”

तो रविवार मला आठवला. मी सिरंगून रोडला किराणा आणायला गेले होते आणि फोन घरीच चार्जिंगला राहिला होता.

“मी रडत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, तू बिनधास्त हो म्हण. अनघाचं काय एवढं, तिला वेळ जायला काहीतरी हवं असतं. तुझं गरजेचं आहे. मी सांगतो तिला.” तिने फोन काढला, बोटाने वर सरकवत गेली आणि माझ्यासमोर धरला. सारंगचा मेसेज होता, बैठकीच्या तीन दिवस आधीचा: ‘अनघाला सांगितलं आहे. तिला पटलं. पण तिच्यापाशी हा विषय काढू नकोस, तिला अवघडल्यासारखं होईल.’

मी तो दोनदा वाचला. त्याचं शुद्धलेखन नेहमीच चांगलं असतं.

“मग त्या दिवशी बैठकीत मी उठले तेव्हा तुला काय वाटलं?”

“मला वाटलं, मला जागा करून द्यायला उठलात.” आता ती रडत होती. “घरी जाऊन प्रफुल्लला फोन केला. म्हटलं, अशी बाई पुन्हा भेटणार नाही.”

आत बँडने सूर लावले. मी तिला म्हटलं, डोळे पूस, पोरगी वाजवतेय. आम्ही दोघी आत जाऊन मागे उभ्या राहिलो. गार्गीने सोलो एकदाही न चुकता वाजवला. सारंग पुढच्या रांगेत फोन उंच धरून तिचं शूटिंग करत होता. मी त्याच्या पाठीकडे पाहत होते. सव्वीस वर्षांपासून ओळखीची पाठ.

मी तिथे तमाशा केला नाही. गार्गी होती. घरी येतानाही ती आमच्या दोघांच्या मध्ये बसली होती आणि बँडमधल्या कुणाची कशी फजिती झाली ते सांगत होती. रविवारी सकाळी ती सरावाला गेली. मी चहा केला, सारंगच्या समोर ठेवला आणि विचारलं, “प्रियदर्शिनीला तू कळवलंस, की मला सांगितलंय आणि मला पटलंय?”

त्याने फोन पालथा ठेवला. “सांगणारच होतो मी.”

“कधी?”

“तू चिडली असतीस.”

“कधी सांगणार होतास, ते विचारतेय.”

“अगं, तिच्या मुलाच्या शाळेचा प्रश्न होता. ती फोनवर रडत होती. तुझं काय, तुझा तो छंद आहे. पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी करशील.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “आणि खरं सांग. मी विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस?”

“नाही. हो म्हणाले असते.”

“मग झालं तर!”

तो खरोखर सुटल्यासारखा दिसला. त्याने बिस्किट चहात बुडवलं. त्याच्या हिशेबी प्रश्न मिटला होता: मी हो म्हणाले असते, त्याने ते माझ्या वतीने म्हणून टाकलं, वेळ वाचला. माझ्या हातातला कप मी खाली ठेवला, कारण तो मी फेकला असता.

“मी हो म्हणाले असते आणि तिला माझ्या हाताने दिलं असतं,” मी म्हणाले. “तिच्याबरोबर बसून व्याख्यानाची तालीम घेतली असती. आता तिला वाटतंय मी दिलं, आणि मी पाच आठवडे तिला चोर म्हणतेय. पाच आठवडे, सारंग. रोज. याच टेबलावर. आणि तू समोर बसून म्हणालास, लोक असतातच असे.”

“मला वाटलं, हळूहळू शांत होशील.”

“तिच्या मुलाच्या तापाबद्दल बोलले मी. तिच्या सासूच्या मरणाबद्दल बोलले. तू ऐकत होतास.”

बिस्किट चहात मोडून पडलं आणि तो चमच्याने ते शोधत बसला.

आणि तेव्हा मला ते सुचलं. आधी कधीच कसं सुचलं नाही, याचंच नवल. नऊ वर्षांपूर्वी कर्वे रोडवरच्या एका हॉटेलात त्याने मला विचारलं होतं, सिंगापूरची ऑफर आहे, जायचं का? तू म्हणशील ते. मी चार दिवस मागून घेतले. आमच्या विभागप्रमुखांशी बोलले, रजा मिळेल का ते पाहिलं, टेकडीवर जाऊन एकटी बसले, रडले आणि पाचव्या दिवशी हो म्हणाले. त्या होकाराचा मला अभिमान होता. इथे कुणी बायका नवऱ्यामागे फरफटत आल्याचं रडगाणं गाऊ लागल्या की मी सांगायची, मला कुणी आणलं नाही, मला विचारलं होतं, मी ठरवून आले. मसाल्याच्या डब्यांना लेबलं लावतानासुद्धा मी स्वतःला तेच सांगत होते.

“सारंग,” मी म्हणाले, “कर्वे रोडवर तू मला विचारलंस, जायचं का म्हणून. तेव्हा ऑफरवर सही झाली होती?”

त्याने चमचा बशीत ठेवला. “आता नऊ वर्षांनी ते कशाला काढतेस?”

“झाली होती का?”

खाली पोहण्याच्या तलावावर कुणाची तरी पोरं पाण्यात उड्या मारत होती, त्यांचा आवाज वर येत होता. सारंग माझ्याकडे पाहत होता, चेहऱ्यावर तोच शांत, ऐकून घेणारा भाव. माझी बडबड संपेपर्यंत तो नेहमीच असा गप्प बसतो. माझ्या आईलाही ते फार आवडायचं. ती म्हणायची, जावई समजूतदार आहे. मीही सव्वीस वर्षं तेच म्हणत आले होते.

मी उत्तराची वाट बघत बसले. चहा गार झाला तरी तो काही बोलला नाही.